पोलिसांनी ‘आयडी दाखवा’ म्हटलं तर: नाव कधी सांगावंच लागतं, कागद कधी दाखवावाच लागतो

आधार कार्ड खिशात नसणं हा गुन्हा नाही. मतदार ओळखपत्र, पॅन, पासपोर्ट यांतलं सगळं घरी ठेवून रस्त्यावर हिंडणाऱ्या भारतीय नागरिकाला केवळ त्याबद्दल दंड करता येईल, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. तरीही रात्रीच्या नाकाबंदीला, रेल्वे स्टेशनबाहेर, चौपाटीवर ‘आयडी काढ’ हे शब्द इतक्या सहज कानावर येतात की कागद जवळ नाही म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं, असं लोकांना वाटू लागतं. उलट व्हॉट्सॲपवर फिरतं, ‘पोलिसांना नावसुद्धा सांगू नका, तो तुमचा मूलभूत हक्क आहे.’ हा सल्ला ऐकून वागलेला माणूस रात्रभर ठाण्यात बसू शकतो, आणि तेही कायदेशीरपणे.

गोंधळ होतो तो तीन वेगळे प्रश्न एकाच दमात विचारले जातात म्हणून. तुमचं नाव आणि पत्ता काय, हा पहिला. त्याचा कागदी पुरावा दाखवा, हा दुसरा. तुम्ही भारतीयच कशावरून, हा तिसरा. तिन्हींना वेगवेगळी कलमं लागतात आणि उत्तर न देण्याचे परिणामही वेगवेगळे आहेत. समोरचा यांतलं नेमकं काय विचारतोय हे ओळखता आलं की निम्मी भीती जाते.

नाव-पत्ता

रोजच्या जगण्यात तीन जागा अशा आहेत, जिथे नाव सांगायला नकार देणं हेच अटकेचं कारण होऊ शकतं.

पहिली, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, हे कलम ४२ होतं. १ जुलै २०२४ पासून आकडा बदलला, गाभा तोच आहे. अदखलपात्र गुन्ह्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही, दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपासही करता येत नाही. साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी अशा तक्रारींवर नुसती ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतात ती यामुळेच. पण एनसी घ्यायची कोणाच्या नावावर? समोरचा नावच सांगेना, तर तक्रारदार कोर्टात जाणार कोणाविरुद्ध? म्हणून कायद्याने एक अपवाद ठेवला. पोलिसांच्या समक्ष अदखलपात्र गुन्हा केलेल्या किंवा तसा आरोप झालेल्या माणसाने मागणी करूनही नाव-पत्ता सांगितला नाही, किंवा सांगितलेला खोटा आहे असं मानायला कारण असेल, तर नाव-पत्ता निश्चित करण्यापुरती त्याला अटक करता येते.

समजा, सोसायटीच्या गेटवर पार्किंगवरून दोघांची जुंपली. कोणीतरी ११२ ला फोन केला, बीट मार्शल आले. एकजण बोट दाखवून सांगतोय, ‘यानेच माझी गचांडी धरली.’ हवालदार दुसऱ्याला विचारतो, ‘नाव काय तुमचं? राहता कुठे?’ इथे ‘वॉरंट दाखवा, मग नाव सांगतो’ म्हणणं म्हणजे ज्या प्रकरणात अटक होऊच शकली नसती तिथे ती ओढवून घेणं. नाव सांगितलं असतं तर एनसीचा एक कागद निघून विषय तिथेच थांबला असता.

या अटकेचा हेतू एकच, हे मात्र पोलिसांनाही आठवून द्यावं लागतं. नाव-पत्त्याची खात्री पटली की मुचलका (बोलावल्यावर हजर राहण्याची लेखी हमी) किंवा जामीनपत्र घेऊन सोडायचं. चोवीस तासांत खात्री पटली नाही, किंवा माणसाने मुचलका द्यायला नकार दिला, तर जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे न्यायचं. राहणारा भारताबाहेरचा असेल तर मुचलक्याला भारतात राहणारा जामीनदार लागतो. दुबई, लंडन, न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या आपल्या लोकांनी एवढं ध्यानात ठेवावं, कारण तिथला पत्ता सांगितल्यावर हीच अट पुढे येते.

आणि कलम ३९ मध्ये ओळखपत्र हा शब्दच नाही. नाव आणि निवासस्थान ‘निश्चित’ व्हावं, एवढंच ते म्हणतं. ते घरी फोन करून होतं, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून होतं, घरमालकाकडून किंवा कामाच्या ठिकाणच्या माणसाकडून होतं. कागद जवळ नसेल तर पूर्ण नाव, राहता पत्ता अगदी खोली नंबर आणि विंगसकट, आणि खात्री देऊ शकेल अशा एका माणसाचा नंबर स्वतःहून द्यावा. गाडी बहुतेक वेळा पत्त्यावर अडते. मुंबईत भाड्याने राहणारा माणूस सवयीने ‘मूळ गाव सातारा’ सांगतो, आधारवर तिसराच पत्ता निघतो, आणि तिथून ‘खोटं सांगतोय’ सुरू होतं. कलमाला निवासस्थान हवंय. आज राहता तो पत्ता आधी सांगा, मग ‘आधारवर गावचा पत्ता आहे’ हेही लगेच सांगून टाका. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईने कागदावर माहेरचं नाव असेल तर दोन्ही नावं एकदमच सांगावीत. खोटं नाव मात्र चेष्टेतही सांगू नये. मित्राचं नाव सांगून त्याचं आधार पुढे केलं तर प्रकरण तोतयेगिरीच्या कलमांत जातं आणि मूळची किरकोळ बाब बाजूला राहते.

चोर समजून लोकांनी पकडून ठेवलेल्या माणसालाही हेच कलम लागू पडतं. खासगी व्यक्तीने कोणाला पकडलं तर नव्या संहितेच्या कलम ४० नुसार सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावं लागतं. प्रकरण अदखलपात्र निघालं आणि त्याने पोलिसांना नाव-पत्ता नीट सांगितला, तर धरून ठेवण्याचं कारण उरत नाही. गुन्हा झाल्याचंच दिसत नसेल तर त्याला तात्काळ सोडायचं असतं.

दुसरी जागा त्याच संहितेच्या कलम ३५ ची नोटीस. अटकेची गरज नाही पण चौकशी करायची आहे, तेव्हा पोलीस कलम ३५(३) ची नोटीस देतात. जुनी ४१-अ ती हीच. नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक करायची नाही, करायची तर कारणं लिहून ठेवायची, असा नियम आहे. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून सर्वोच्च न्यायालय हे सतत बजावत आलं आहे. पण त्याच कलमाचं पोटकलम ६ वाचायचं राहून जातं. नोटीस न पाळणारा किंवा ‘स्वतःची ओळख पटवून द्यायला तयार नसलेला’ माणूस अटकेला पात्र ठरतो. म्हणून नोटिशीवर जाताना ओळखपत्राची एक प्रत न्यावी, आणि आपल्याजवळच्या नोटिशीच्या प्रतीवर हजर झाल्याची तारीख-वेळ टाकून सही-शिक्का मागून घ्यावा. ‘तो आलाच नव्हता’ या वाक्याला तेवढाच कागद पुरतो. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. मोबाइलवर आलेल्या पीडीएफने घाबरून धावू नका. पण दुर्लक्षही करू नका; वकिलामार्फत लेखी नोटीस मागा.

साक्षीदार म्हणून बोलावणं वेगळं. त्यासाठी कलम १७९ चा लेखी आदेश लागतो, आणि स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात बोलावण्याची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं. तपास चालू असलेल्या गुन्ह्यात अधिकाऱ्याने विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं देणं मात्र कलम १८० नुसार बंधनकारक आहे. सूट आहे ती स्वतःला गुन्ह्यात गुंतवणाऱ्या उत्तरांपुरती. नुसतं नाव सांगणं त्या सुटीत सहसा बसत नाही.

तिसरी जागा रस्ता. मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा केलेल्या माणसाने नाव-पत्ता सांगायला नकार दिला, तर कलम २०२ नुसार गणवेशातला पोलीस त्याला वॉरंटशिवाय अटक करू शकतो. सिग्नल तोडल्याबद्दल सहसा कोणी आत जात नाही. सिग्नल तोडून ‘नाव सांगणार नाही’ म्हणणारा जाऊ शकतो.

गाडीवर असाल तर

कागद मागण्याचा सर्वांत स्पष्ट अधिकार पोलिसांना इथे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवणाऱ्याने गणवेशातल्या कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला मागणीवरून लायसन्स तपासायला द्यायचं असतं. त्यासाठी आधी काही चूक केलेली असण्याची गरज नाही. आरसी, विमा, पीयूसी यांचंही तसंच. लायसन्स चालकाने दाखवायचं. मागे बसलेल्या मैत्रिणीचं किंवा भावाचं आधार मागितलं तर त्याला मोटार वाहन कायद्यात आधार नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये २०१८ मध्ये केलेल्या बदलामुळे कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवले तरी चालतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये उघडलेलं लायसन्स मूळ कागदाइतकंच ग्राह्य आहे. वाद होतो तो गॅलरीतल्या फोटोवरून. लायसन्सचा काढून ठेवलेला फोटो किंवा मित्राने पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज नव्हे, आणि तो नाकारला तर पोलिसांचं चुकत नाही. घाटात, बोगद्याजवळ, पुलाखाली नेटवर्क नसतं आणि ॲप नेमकं तिथेच फिरत बसतं. कागद आधीच ॲपमध्ये उतरवून ठेवा. दाखवताना स्क्रीन स्वतःच्या हातात धरून दाखवा. उघडा फोन दुसऱ्याच्या हातात देण्याची गरज नाही.

लायसन्स काढून घेतलं तर त्याची पोच मिळाली पाहिजे, कलम २०६ तसं सांगतं. पोच न देता खिशात टाकलेलं लायसन्स म्हणजे पुढच्या चौकात तुम्ही ‘विनालायसन्स’. त्यामुळे तिथल्या तिथे, आवाज न चढवता, पोच मागा. गाडीची किल्ली काढून घेण्याचा अधिकार या कायद्यात कुठे लिहिलेला नाही. गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे, पण तो ठरावीक कारणांसाठी आणि नोंद करून वापरायचा असतो.

याच कायद्यात एक तरतूद आहे जी फार थोड्यांना माहीत असते. अपघातानंतर नुकसान झालेल्या माणसाने स्वतःचं नाव-पत्ता देऊन मागितला, तर चालकाला आपलं नाव-पत्ता आणि मालकाचं नाव-पत्ता त्याला द्यावाच लागतो. धोकादायक ड्रायव्हिंगचा आरोप करणाऱ्या सामान्य नागरिकालाही, त्याने आधी स्वतःची ओळख दिली तर, चालकाकडून नाव-पत्ता मागता येतो. कलम १३२ मध्ये हा अधिकार पोलिसांपुरता ठेवलेला नाही. रिक्षाने धडक दिलेल्या पादचाऱ्याने ‘आधी माझं नाव लिहून घ्या, मग तुमचं सांगा’ म्हटलं, की त्याच्या पाठीशी कायदा उभा असतो.

कागद बाळगणंच अपेक्षित आहे अशी आणखी एक महाराष्ट्रातली बाब म्हणजे दारूचा परवाना. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ अजून जिवंत आहे आणि पिणाऱ्याकडे एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन परवाना असावा लागतो. तपासणीत तो मागितला तर ती मागणी कायदेशीर आहे. विमानतळाचा दरवाजा, मंत्रालयाचा प्रवेश, हॉटेलचं काउंटर इथे मागितलं जाणारं ओळखपत्र ही त्या जागेत जाण्याची अट असते. नाही दाखवलं तर आत जाता येत नाही, एवढंच. तेवढ्यावरून गुन्हा होत नाही.

पायी चालणारा माणूस

आता मूळ प्रश्न. कोणताही गुन्हा नाही, गाडी नाही, नोटीस नाही. रात्री साडेबाराला शेवटची लोकल चुकली म्हणून माणूस पुलाखाली उभा आहे. ‘काय रे, कुठे राहतोस? आयडी काढ.’ सुरक्षा संहितेत अशा माणसाने मागणीवरून ओळखपत्र दाखवलंच पाहिजे असं एकही कलम नाही.

पोलीस ज्याचा आधार घेतात ती कलमं वेगळी आहेत, आणि ती नीट वाचली तर त्यांची मर्यादाही दिसते. संहितेचं कलम १७२ नवं आहे. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी दिलेले कायदेशीर निर्देश पाळायचे, न पाळणाऱ्याला बाजूला करता येतं किंवा ताब्यात घेता येतं, आणि किरकोळ प्रकरणात लवकरात लवकर, चोवीस तासांच्या आत सोडायचं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये कलम ६८ आणि ६९ जवळपास हेच सांगतात. गोव्यात हा अधिनियम नाही. ‘इथे गर्दी करू नका’, ‘हा रस्ता सोडा’ हे निर्देश या कलमांत नीट बसतात. ‘आधार दाखव’ हा निर्देश कोणता गुन्हा रोखण्यासाठी आहे, याचं उत्तर पोलिसांकडे असायला हवं, आणि पुष्कळदा ते नसतं.

मग आहे अधिनियमाचं कलम १२२, सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद स्थितीत सापडण्याचं. याचा वापर फार होतो आणि वाचन फार कमी. गुन्ह्याच्या इराद्याने हत्यार बाळगणं, त्याच इराद्याने तोंड झाकणं किंवा वेश बदलणं, घरफोडीची साधनं जवळ असणं, एखाद्या घरात-इमारतीत सापडून तिथे असण्याचं समाधानकारक कारण न देता येणं, असे ठरावीक प्रकार त्यात आहेत. नुसतं रात्री रस्त्यावर असणं त्यात नाही. मात्र त्यात एक प्रकार चोर म्हणून नावलौकिक असलेल्या माणसाचा आहे. त्याने रस्त्यावर घुटमळताना सापडून समाधानकारक खुलासा दिला नाही तर तो दोषी. हा ‘लौकिक’ ठरवतं कोण?

या प्रश्नाला महाराष्ट्रात जुनी जखम आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. नावनोंदणी, हजेरी, आणि हद्दीबाहेर जायचं तर पास. तो कायदा १९५२ मध्ये गेला, ३१ ऑगस्टला म्हणूनच विमुक्त दिन पाळतात. पण पारधी वस्तीवरच्या तरुणाला ‘नाव काय’ नंतर लगेच ‘जात काय’ विचारलं जातं ते आजही. ओळखपत्रावरचं आडनाव पाहून वागणूक बदलते, तेव्हा कागद दाखवल्याने सुटका होण्याऐवजी अडचण वाढते. विमुक्त जमातींच्या लोकांची मनमानी अटक होता कामा नये, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांतल्या जातिभेदाविषयीच्या निकालात पोलिसांना बजावलं आहे. जात विचारण्याचा अधिकार रस्त्यावरच्या चौकशीत कोणत्याही कलमाने दिलेला नाही. ते उत्तर देऊ नका, आणि असा प्रश्न विचारला गेला तर वेळ-जागेसह लिहून ठेवा.

मग प्रत्यक्षात करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. नाव आणि राहण्याचं ठिकाण तोंडी सांगा, कुठून येताय आणि कुठे चाललाय हे एका वाक्यात सांगा, आणि ओळखपत्र सहज जवळ असेल, ते दाखवून तुमचं काही बिघडणार नसेल, तर दाखवा. हक्क सोडून देण्याचा इथे प्रश्न नाही. कायदेशीर बंधन नसतानाही बोललेलं एक सरळ वाक्य पोलिसांचा ‘वाजवी संशय’ उभाच राहू देत नाही. त्यानंतरही थांबवून ठेवलं तर एकच प्रश्न विचारायचा, ‘साहेब, मला अटक आहे का, की मी जाऊ शकतो?’ अटक असेल तर कारण सांगावं लागतं आणि सगळी प्रक्रिया सुरू होते. नसेल तर जाऊ द्यावं लागतं. ‘अटक नाही, नुसतं बसवून ठेवलंय’ अशी तिसरी अवस्था कायद्याला मान्य नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच म्हटलं आहे की माणसाचं स्वातंत्र्य अडवलं त्या क्षणापासून अटक धरायची, कागदावर वेळ लिहिली तेव्हापासून नव्हे. चोवीस तासांचं घड्याळ तिथून सुरू होतं.

‘का?’ असं विचारणं म्हणजे सरकारी कामात अडथळा नव्हे. पण हात झटकणं, धक्का देणं, पळणं यांनी जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेची २२१ आणि १३२ सारखी कलमं लागू शकतात. त्यांतलं १३२, म्हणजे जुनं ३५३, जड आहे. जिभेवर ताबा आणि हात खिशाबाहेर.

जोडप्यांना हा त्रास सर्वांत जास्त होतो. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून सुमारे चाळीस जोडप्यांना ठाण्यात नेलं होतं आणि काहींवर पोलीस अधिनियमाचं कलम ११० लावलं होतं. ते कलम रस्त्यावरच्या किंवा सार्वजनिक वावराच्या ठिकाणच्या असभ्य वर्तनाचं आहे. दार लावलेल्या हॉटेलच्या खोलीत दोन सज्ञान माणसं असणं त्यात कसं बसतं? तेव्हा गदारोळ झाला, पण धमकी तीच राहिली आहे: ‘घरच्यांना फोन लावू का?’ सज्ञान व्यक्तीच्या घरी कळवणं हे अटक झाल्यावर तिच्या इच्छेने करायचं काम आहे. दबाव म्हणून ते वापरता येत नाही. वय सिद्ध करणारा एक कागद अशा वेळी उपयोगी पडतो, तेवढाच पुढे करा.

‘भारतीय कशावरून?’

२०२५ मध्ये हा प्रश्न मुंबई-ठाण्यात फार विचारला गेला. बांगला बोलणाऱ्या, पश्चिम बंगालमधून आलेल्या मजुरांना आधार दाखवूनही धरलं गेलं, आणि जूनमध्ये त्यांतल्या काही भारतीयांना थेट सीमेपलीकडे ढकलून नंतर परत आणावं लागलं. इथे ओळखपत्र आणि नागरिकत्व यांतला फरक कळणं जिवाच्या मोलाचं आहे. आधार कायद्याचं कलम ९ स्वतःच म्हणतं की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामीन अर्जावर म्हटलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी आपोआप भारतीय नागरिक ठरत नाही.

परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यात आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवर असतो. १९४६ च्या कायद्यात तसं होतं, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्यातही ती पद्धत कायम आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात बजावलं की हा भार टाकण्याआधी अधिकाऱ्यांकडे काहीतरी ठोस आधार हवा. कोणाचंही दार वाजवून, मोघम संशयावर, ‘सिद्ध कर’ म्हणता येत नाही. भाषा, लुंगी किंवा आडनाव हा आधार नव्हे.

कामानिमित्त घर सोडून राहणाऱ्यांनी म्हणून जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आई-वडिलांच्या मतदारयादीतल्या नोंदी किंवा जमिनीचे कागद यांच्या प्रती गावी एका विश्वासू माणसाकडे ठेवाव्यात आणि फोनवरही. कारण नागरिकत्व कायदा जन्मतारखेवर चालतो. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, अगदी मोजके अपवाद सोडता, जन्माने नागरिक. १ जुलै १९८७ पासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याचे आई किंवा वडील नागरिक हवेत. त्यानंतरच्यांसाठी दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. धरलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगत नसतील तर एक तासही दवडू नका. १५१०० या मोफत विधी सेवेच्या क्रमांकावर फोन करा आणि उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पससाठी, म्हणजे धरलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावणाऱ्या याचिकेसाठी, वकील गाठा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, त्यामुळे सांगली-सातारा-सोलापूरकरांना मुंबई गाठावी लागत नाही.

बोटांचे ठसे, फोटो, फोन

नाकाबंदीवर चेहऱ्याचा फोटो काढून ठेवणं किंवा ठाण्यात बोटांचे ठसे घेणं ही ओळख विचारण्याची पुढची पायरी नव्हे, तो स्वतंत्र कायदा आहे. गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२ मुळे शिक्षा झालेल्या, चांगल्या वर्तनाचा जामीन द्यायला सांगितलेल्या आणि अटक झालेल्या माणसांची मोजमापं घेता येतात, नोंदी ७५ वर्षं राहतात. इतरांच्या बाबतीत दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, हे मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या निकालापासून ठरलेलं आहे, त्यामुळे कायदेशीर अटकेनंतर त्यावर भांडून उपयोग नाही. अटकच नसेल तर ‘कोणत्या आदेशाने?’ हे विचारणं रास्त आहे. फोन उघडून चॅट पाहणं ही झडती आहे. तिला कारणं नोंदवलेली असावी लागतात, आणि नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं असतं. ‘मी संमती देत नाही’ एवढं स्पष्ट बोला, फोन हिसकावून घेऊ लागले तर ओढाताण करू नका.

समोरचा खरंच पोलीस आहे का

ओळख पटवण्याचं बंधन दोन्ही बाजूंना आहे. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर नाव अचूक, स्पष्ट आणि दिसेल असं असलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने १९९६ मध्ये सांगितलं आणि आता सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये ते लिहिलेलंच आहे. अटकेचा पंचनामा तयार व्हायला हवा, त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची आणि अटक झालेल्याची सही हवी. साध्या वेशातल्या माणसाने कागद मागितले तर नाव, पद आणि ठाणं विचारा आणि ११२ ला फोन करून खात्री करून घ्या. ‘पुढे खून झालाय आजी, दागिने काढून रुमालात बांधा’ म्हणणारे तोतये याच भीतीवर जगतात. व्हिडिओ कॉलवर गणवेशात बसून आधार मागणारा तर शंभर टक्के भामटा. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची प्रक्रियाच अस्तित्वात नाही. फोन ठेवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

आपल्यासमोर काय चाललंय त्याचं चित्रण करायला सर्वसाधारण बंदी नाही. पोलीस ठाणं हे ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखालचं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. चित्रण करताना मात्र दोन पावलं मागे उभं राहा, कोणाच्या तोंडासमोर फोन धरू नका.

ठाण्यात नेऊन काही नोंद न करता सोडलं, तर बहुतेक लोक सुटलो एकदाचे म्हणून घरी जातात. तक्रार करायची असेल तर त्याच दिवशी लिहून काढा: कुठून उचललं, ठाण्यात किती वाजता पोचलो, कोणत्या खोलीत बसवलं, बिल्ल्यावरचं नाव, किती वाजता सोडलं. विनाकारण, त्रास देण्यासाठी अडवून ठेवणाऱ्या पोलिसाला शिक्षा सांगणारं कलम १४७ पोलीस अधिनियमातच आहे. तक्रार पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांकडे आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे करता येते. तिच्यासोबत लगेच दुसरा अर्ज द्या, सीसीटीव्हीसाठी. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशानुसार ठाण्याचं प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा आणि अधिकाऱ्यांच्या खोल्यांतही कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने, सोयच नसेल तर किमान एक वर्ष, जपायचं आहे. अर्जात ‘सीसीटीव्ही फुटेज द्यावे’ एवढंच लिहिलं तर ‘कोणत्या कॅमेऱ्याचं?’ म्हणून तो परत येतो. तारीख, ‘२३.१० ते ०२.४५’ अशी वेळ, ‘प्रवेशद्वार आणि ठाणे अंमलदार कक्ष’ अशी जागा लिहा, ‘निर्णय होईपर्यंत चित्रण जतन करावे’ हे वाक्य घाला, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून घ्या.